दोन पट्ट्या

तेवीस दिवसांत एकतीस वेळा.
केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर
सगळ्या वेळा लिहून ठेवल्यात मी:
मंगळवार, रात्री पावणेदोन, मॅच संपायला दोन मिनिटं.
गुरुवार, दुपार, नुसतं गाणं लावलेलं.
रविवारी तर माउसलाही हात नव्हता,
आईनं दारातून विचारलं, जेवतोस का,
आणि पडदा निळा.
निळ्यावर एक आडवं पडलेलं रडकं तोंड,
खाली इंग्रजीतली दिलगिरी,
शंभर टक्के होईपर्यंत थांबा म्हणणारी.

दिसेल त्याच्यावर संशय घेतला.
ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर काढून जुना घातला,
मग जुनाही काढला.
विंडोज पुसून पुन्हा टाकलं.
बाजूचं झाकण उघडून टेबलफॅन लावला,
तर अण्णाच त्या वाऱ्याला पेपर घेऊन बसले.
राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, बोर्ड गेलाय, बदलू.
वरच्या लोहारकाकू म्हणाल्या,
बोअरची मोटर लावली की होतंय का बघ.
काकूंनी मोटर लावली, बंद केली, परत लावली,
टाकी भरून पाणी जिन्यातून खाली आलं,
मशीन मात्र मुकाट चाललं.
दुखणं असंच. डॉक्टरसमोर बसलं की ताप नाही.

आणि शेवटी, म्हणजे खरं तर पहिल्यापासून,
माझा संशय संग्रामवर होता.

रॅमच्या दोन पट्ट्या आहेत.
एक मी नवी घेतली, खोक्यातली, बिलासकट,
लाल दिवे लागतात तिला.
दुसरी संग्राम गवळ्याची.
त्यांची म्हैस बसली तेव्हा
त्यानं आपलं मशीन सुटं सुटं करून विकलं,
ही पट्टी मला दिली आठशेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, भाकरी बांधावी तशी.
'घासूनपुसून दिलीया लका, टेन्शन घेऊ नकोस.'

मी घेतलं टेन्शन.
त्याच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवत राहिलो.
रंकाळ्यावर बोलावलं तर क्लास आहे म्हणालो.
क्लास नव्हता.
मनात म्हणायचो, ठाऊक असणार त्याला.

काल रात्री पेनड्राईव्हवरून मेमरी तपासायला लावली,
एका वेळी एकच पट्टी.
आधी त्याची.
सोनेरी दात खोडरबरानं घासले,
खाचेत दाबली, दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत.
एक फेरी. दोन. चार. चूक शून्य.
विश्वास बसेना, परत लावली.
शून्य.

साडेतीनला माझी घातली.
सहाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ,
मग ओळीखाली ओळ, पडदा भरला, वर सरकायला लागला,
आणि पट्टीचे दिवे तसेच लुकलुकत,
मांडव उठला तरी माळा काढायच्या राहाव्यात तसे.

पाचला सायकल काढून गंगावेशीत गेलो.
कट्ट्यापाशी म्हशी उभ्या, शेणाचा आणि थंडीचा वास,
संग्राम गुडघ्यांत बादली धरून बसलेला.
'काय लका, एवढ्या पहाटं? पेपर हाय का काय?'
'नाही. असंच.'
'मशीन बरं हाय न्हवं?'
'एका पट्टीवर चालवतोय.'
'कुठल्या?'
धार थांबली नाही त्याची.
'तुझ्या.'
त्यानं मान वर केली, मग म्हशीच्या कुशीवर थाप मारली.
'हिला सांग. हिच्यापायी दिली तुला.'

एवढंच. माझं पुढचं वाक्य
येताना सायकलवर तीनदा म्हणून पाहिलेलं,
ते काही बाहेर आलं नाही.
त्यानं ग्लास पुढं केला,
काठोकाठ, वर बोटभर फेस.
पैसे काढायला खिशात हात घातला
तर बोटांना माझीच पट्टी लागली,
बिलात गुंडाळलेली.
अजून दोन वर्षं गॅरंटी आहे तिला.