विहीर जरा डावीकडे

पट्टा फुकटच मिळाला.
खाण बंद झाली आणि कोळसा वाहणारं ते जाड रबर
लाउझिट्झच्या वाऱ्यात नुसतं पडून राहिलं.
मुकादम म्हणाला, ने हवं तेवढं, इथे सही कर.
सहा मीटर कापलं. करवतीची दोन पाती गेली.

मग मेण वितळवलं.
मार्जाआत्या ईस्टरच्या अंड्यांवर काढायची तसं,
हंसाच्या पिसाचं टोक छाटून,
मेणात बुडवून, टिंब टिंब, त्रिकोण त्रिकोण.
मेण लागेल तिथे रंग चढत नाही,
एवढंच काय ते शास्त्र :
जे राखायचं ते आधी झाकायचं.

एकेचाळीस घरं मी अशी झाकली.
शाळा, बंबखाना, तिरकं पडलेलं देऊळ,
वेशीवरची ब्रेझान्कीची पाटी, दोन भाषांतली,
आणि स्मशान, ज्यातली माणसं
नव्या पेट्यांत घालून
ट्रकने दुसऱ्या गावी नेली होती.

वरून सरस. सरसावर चाळलेली भुकटी,
आमचाच तपकिरी कोळसा.
वाळल्यावर कागद ठेवून इस्त्री फिरवली.
मेण कागदात गेलं
आणि गाव उरलं ते रिकाम्या जागेचं, काळं.

इस्त्री चालली विजेवर.
वीज कशावर, ते विचारू नका.
माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच धुराड्यातून आली.

सत्तावीस वर्षं बाबांनी ते अजस्र चाक चालवलं,
एकेका बादलीत एकेक अंगण मावेल असं.
सेहेचाळीसच्या नोव्हेंबरात नव्हे, शहाऐंशीच्या,
(बाबा दोन्ही सांगतात, एक युद्धानंतरचा)
आमच्या घराची पाळी आली
ती नेमकी त्यांच्या पाळीत.
घरी येऊन ते जेवले होते.
काय जेवले तेही आईला आठवायचं.

प्रदर्शनाला आले ते रविवारच्या कोटात.
बर्लिनच्या बाई पाहुण्यांना समजावत होत्या,
अनुपस्थिती, जखम, भूमी.
बाबा ऐकत नव्हते.
काठी टेकत पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले,
रोज कामावर जावं तसे.

लिंडेनच्या झाडापाशी थांबले.
अंगठ्याला थुंकी लावली
आणि कोणी पुढे येण्याआधी
भुकटी घासून एक भोक पाडलं, अंगठ्याएवढं.

"विहीर जरा डावीकडे होती."

मग अंगठा नाकाशी नेला.
"हा वरच्या थरातला. ओला असतो. जळताना धूर फार."

बर्लिनच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं :
दुरुस्त करायचं का?
राहू दे, मी म्हटलं.

तर आता चित्रात दोन विहिरी आहेत.
माझी सुबक आहे, कडेला टिंबांची माळ.
खाणीच्या खड्ड्यात नदीचं पाणी सोडतायत म्हणे,
दहा-बारा वर्षांत तळं होईल, होड्या फिरतील.

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले.
अंगठा त्यांनी पुसला नव्हता.
बस साडेसहाची होती.