शिक्का

माझ्या टपालाच्या वाटेवर एकतीस पेट्या,
आणि त्या हिवाळ्यात प्रत्येक पेटीखाली
बर्फावर एक काळा थेंब.

गाडी सत्त्याऐंशी सालची व्होल्वो,
रंग एके काळी मोहरीचा.
तीन लाख नव्वद हजारांवर किलोमीटरचे आकडे थांबले,
पुढचं कुणी मोजलेलं नाही.
आठवड्याला लिटरभर तेल पाजायचे मी तिला.

सिगब्रित फाटकाशी उभी राहून म्हणाली,
“टीरा, तुझी गाडी माझ्या दारात सही करून जाते.
पत्रं आण. चित्रं नको काढूस.”

हिल्डिंग जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनावर वाकलेला,
आता सरळ उभं राहता येत नाही,
म्हणून बॉनेटखाली बरा असतो.
मजुरी म्हणजे कॉफी, आणि मी मध्ये बोलायचं नाही.

आधी अंघोळ, तो म्हणाला.
वर्षानुवर्षांचं मेणचट काळं
आम्ही ब्रशने, रॉकेलने, आइस्क्रीमच्या काडीने खरवडलं.
खालून ॲल्युमिनियम निघालं, लाजल्यासारखं.
मग पायाला लावायची पावडर इंजिनभर फुंकली.
आता जा, नदीचा पूल ओलांडून परत ये.

तेल खोटं बोलतं.
वर पाझरतं, खाली टपकतं,
वाऱ्याबरोबर मागे सरकतं.
डाग आहे तिथे चोर नसतो.

परत आले. पावडरीत एक ओली रेघ,
टॅपेट कव्हरच्या कडेपासून.
गॅस्केट बदललं. तीन दिवस गाडीखालचा पुठ्ठा कोरडा.
चौथ्या दिवशी थेंब.

मग पुढचं सील. टायमिंग बेल्ट सोडून,
खुणा जुळवून, कॉफी थंड होऊ देऊन.
नव्या सीलच्या ओठाला हिल्डिंगने
बोटाने तेल लावलं,
बाळाची टाळू भरावी तसं, हलक्या हाताने.
एक आठवडा गेला.
मग पुन्हा थेंब, या वेळी मागून.

मागचं सील म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं,
गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार.
त्या रात्री भंगारवाल्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहिला
आणि पावाच्या डब्याखाली सरकवून ठेवला,
स्वतःलाच दिसू नये म्हणून.

सिगब्रितने तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
कॉम्प्रेसर सांभाळले होते.
मला हे माहीत नव्हतं. मी फक्त तिची बिलं आणायचे.
गाडी चालूच होती, ती फाटक उघडून बाहेर आली,
“तेलाचं झाकण काढ.”
काढलं. भसकन धूर आला तोंडावर.
“अगं, हिचं नाक चोंदलंय!
आतल्या वाफेला वाट नाही ठेवलीत,
मग ती मिळेल त्या फटीतून तेल ढकलणारच.
सीलं कसली बदलताय?”

मॅनिफोल्डखाली, जिथे हात पोचतो पण नजर नाही,
तिथे एक प्लास्टिकची चकती होती, नाण्याएवढी,
सगळी भोकं डांबरासारखी लिंपलेली.
हिल्डिंग ती तळव्यावर घेऊन बराच वेळ उभा राहिला.
“फेरीवर असतो तर…” म्हणाला,
आणि पुढे काही बोलला नाही.
नवी चकती चाळीस क्रोनरला मिळाली.
श्वासाची नळी त्याने स्वतः धुतली, तीनदा.

मार्च निघाला. एकतीस पेट्यांखाली नुसता बर्फ.

सिगब्रितने पुन्हा गाठलं, पुन्हा घुश्शातच.
“हल्ली कळतच नाही टपाल आलं की नाही.
खिडकीतून थेंब दिसला की मी बूट चढवायची.
काल दोनदा उगाच गेले पेटीपाशी,
पडले असते.”

आता तिच्या फाटकाशी मी एकदा हॉर्न देते.
बाकीच्या तीस घरांना नाही.
फार मोठा आहे म्हणते, तोही.