पाठराखण

पुंता अरेनासचा वारा दार वाजवतो,
उघडलं तर आत येत नाही.
मी आता उठतही नाही.
दिवसभर कारखान्यात सेंतोया खेकड्यांचे पाय मोडते,
रात्री साडेदहाला हेडफोन चढवते
आणि चार परक्या माणसांची वैद्य होते.

साओ पावलोचा सर्व्हर इथून इतका लांब
की माझं बोट दाबतं आणि तिकडे किरण निघतो
त्यात एकशे नव्वद मिलिसेकंद.
तेवढ्यात माणूस मरतो.
म्हणून मी जखमेच्या आधी औषध पाठवते.
कोपऱ्यावर अजून कुणी नाही,
पण जोसेनिल्दो तिकडेच वळणार
आणि वळला की खाणार,
हे मला त्याच्या खांद्यांवरून कळतं.

मला दिसतात त्या पाठीच.
शत्रू बघायचं काम बाकीच्यांचं.
मिर्ता घाबरली की उगाच दोन उड्या मारते.
तादेओची डावी बाजू कायम उघडी,
घरातही तो दार लोटून घेत नसणार.
आणि रेसिफेचा हा जोसेनिल्दो, वय सतरा,
भिंतीपलीकडे जाऊन ओरडतो, हील! हील!
किरण भिंतीला वळसा घालत नाही रे बाळा.
त्याची पोर्तुगीज, माझी स्पॅनिश,
दोघांत मिळून जेमतेम तीस शब्द,
त्यातले वीस शिव्या.

जिंकलो तर त्यांनी मारलं.
हरलो तर मी कुठे होते?

कमरेला एक पिस्तूल दिलंय मला, खेळण्यासारखं.
एकदाच चालवलं. छतावरचा नेमबाज पडला.
खरं सांगते, मजा आली.
त्या दोन सेकंदांत तादेओ गेला,
आणि तो काही बोलला नाही,
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी शेवटची फेरी, चाळीस सेकंद उरलेले,
वाऱ्याने दिवे एकदा मिचकावले.
तादेओकडे अकरा श्वास, मिर्ताकडे तीस,
किरण एकच.
मिर्ताला दिला. ती ठिकाणावर उभी होती,
तादेओ नव्हता.
असं मी स्वतःला सांगितलं, नंतर.

तेवढ्यात पुढे धावणारा जोसेनिल्दो थांबला
आणि वळला.
माझ्याकडे.
चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचं तोंड पाहिलं:
गालावर हिरवा पट्टा, एक सोन्याचा दात,
कष्टाने मिळवून लावलेलं सगळं,
आणि मला त्याचा पत्ताच नाही.
त्याने बंदूक उचलली.
मला वाटलं, चिडला.
गोळी माझ्या कानाजवळून गेली
आणि माझ्यामागे कुणीतरी कोसळलं.
माझ्यामागेही जागा असते
हे मी विसरलेच होते.

तो लगेच परत वळला,
धावला भिंतीपलीकडे,
आणि ओरडला, हील!

हरलो. नऊ सेकंदांनी.
फळ्यावर माझ्या नावापुढे: मारले, शून्य.
सगळे निघून गेले, त्याचा माइक तेवढा चालू.
काकी, म्हणाला, तुझ्याकडे केवढा आवाज येतोय,
तू आहेस ना?

मागेच आहे, म्हटलं.
पोचायला जरा वेळ लागला असेल.