सामासिक अंतर

शाळेत समास म्हणजे वहीच्या डाव्या बाजूची लाल रेघ,
तिच्या अलीकडे अक्षर घुसलं की बाईंची पट्टी.
मग व्याकरणात दुसरा समास आला,
दोन शब्दांमधलं सगळं काढून त्यांना चिकटवणारा.
आता हा तिसरा: भिंत आणि हद्द यांच्यामध्ये
काहीही न बांधता सोडलेली जागा.
मेढेकर मॅडम सांगतात, नकाशात आधी हीच बघायची.
भिंती नंतर.

आजचा वर्ग घणसोलीत, गावठाणात.
गावदेवीच्या पायरीवर तांबडा बाण काढलाय.
तिथे शंभर मीटर धरलेत. धरायचे म्हणून धरलेत.
इरफानच्या हातातला स्टाफ जरा कलतोय,
लेव्हलचा बुडबुडा मध्यावर ठरत नाही,
कारण तिपाईखालची लादी हलते.
हे मला माहीत होतं.
कुठली लादी वाजते, कुठल्या गटारावर झाकण नाही,
तेही. पण मी गप्प.

गल्लीत शिरलो तेव्हा टेप माझ्याकडे.
इमारत अ, तळमजला अधिक चार.
इमारत ब, तळमजला अधिक तीन, वर पत्रा.
मधल्या फटीत टोक धरायला माणूस मावेना,
तेव्हा ब च्या खिडकीतून हेमलताकाकूंचा हात बाहेर आला,
तांदळाचं पीठ लागलेला.
"बाय, कॉलेजात हाच अभ्यास का गं?"

शून्य पूर्णांक बासष्ट.
"तीनदा मोज."
बासष्ट. एकसष्ट. बासष्ट.
पुस्तकात दोन्हीकडून दीड-दीड मीटर.

इमारत अ आमची.

जोतं भरलं तेव्हा मी नव्हते.
मला आठवतो तो तिसरा स्लॅब:
बाबा पहाटे उठून गोणपाटं भिजवत,
टेकू लवकर काढतो म्हणून गवंड्याशी भांडत,
ओळंबा स्वतः सोडून बघत, एक डोळा मिटून.
काँक्रीटचे सगळे नियम त्यांनी पाळले.
मोकळ्या जागेचा एकही नाही.
एकदा विचारलं होतं. म्हणाले,
"सगळं मोकळंच होतं गं, पार खाडीपर्यंत.
त्यातलं एवढंच उरलं आपल्याला.
त्यात आणखी मोकळं काय सोडू?"

आणि मार्चमध्ये ब ची मीटरपेटी पेटली.
बंब कमानीपाशीच अडला, वळेना.
जिन्यात धूर.
तेव्हा बाबांनी आमच्या खिडकीतून
सेंटरिंगची फळी काकूंच्या खिडकीत सरकवली
(त्यांच्या खिडकीला ग्रिल नव्हतं, पैसे पुरले नव्हते)
आणि तीन पोरं, एक म्हातारा, एक कुकर
बासष्ट सेंटिमीटर ओलांडून अलीकडे आले.
फळी चार फुटी.
दीड-दीडला पुरली नसती.

हे मी मॅडमना सांगितलं. घर आमचं, हेसुद्धा.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
फळीची जाडी विचारली,
मग म्हणाल्या, "आणि बंब का वळला नाही?"
एवढंच. पुढच्या कोपऱ्याकडे गेल्या.

दुपारी फेरी मिटवली.
जिथून निघालो त्याच पायरीवर परत यायचं
आणि किती चुकलो ते लिहायचं, असा रिवाज.
चार मिलिमीटर.
"चालतं," मॅडम म्हणाल्या.

क्षेत्रपुस्तिकेत शेवटचा रकाना शेरा.
तिथे लिहिलं: अंतर शून्य पूर्णांक बासष्ट. नियमात बसत नाही.
अक्षर नीट, शाई निळी.
मग लाल रेघेच्या अलीकडे, समासात,
जिथे काही लिहायचं नसतं तिथे,
पेन्सिलीने: फळी, चार फूट.

वही मिटली तोवर
वर गॅलरीत बाबा उभे, हातात भिजलेला टॉवेल.
वाकून विचारत होते,
"किती भरलं?"