शिवणीतली माया

शनिवार, सकाळचे नऊ. लूथरन चर्चचं तळघर.
बाहेर सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठत चाललेलं,
आत बत्तीस मुलं, अकरा भूमिका,
आणि बगळा एकच.
(नाटक लोरेटाने लिहिलेलं. दर तीन वर्षांनी तेच.)

मी परीक्षक नाही, कपडे शिवते.
तरी टेबलाशी तिसरी खुर्ची माझी,
लोरेटा आणि पियानोवाला पेल्टो यांच्या मधली,
कारण शेवटी प्रश्न माझ्याकडेच येतो:
'हिला बसेल का?'

लोकांना वाटतं, आवाज ऐकून ठरतं.
ऐकतोच की आम्ही आवाज.
मग लोरेटा चष्मा कपाळावर चढवते आणि विचारते,
मंगळवारी हॉकी कोणाकोणाला आहे,
मुलगे चारच आलेत, त्यातला एक रडतोय,
त्याला दीपस्तंभ करू या का.
ब्रिनच्या वडिलांनी फळ्या फुकट दिल्यात
(हे ती बोलत नाही, नुसती फळ्यांकडे बघते).
गेल्या वेळचं झाड याही वेळी झाडच झालं
तर त्याची आजी आमच्याशी बोलेल का.
पेन्सिल. खोडरबर. पुन्हा पेन्सिल.
दोन वाजेपर्यंत कागदाला मधोमध भोक पडतं.

मेरिट कोस्की एकतिसावी आली.
बुटांतून बर्फ गळत होता.
'बगळा होऊन दाखव,' लोरेटा म्हणाली.
आधीच्या तिघींनी हात फडफडवले होते,
एकीने तर किंचाळून मासा पकडला.
ही नुसती उभी राहिली.
एक पाय हळूच वर घेतला, गुडघ्यात मुडपला,
आणि विसरली.
पेल्टोचं बोट काळ्या पट्टीवर तसंच थांबलं.
हीटरची घरघर ऐकू यायला लागली.
मला वाटलं, आता माझे पाय भिजतील.

लोरेटा माझ्याकडे वळली: 'बसेल का?'
मी टेप लावली. एकोणतीस.
पोशाख सव्वीसचा.
'नाही,' म्हटलं. 'फाटेल.'
ब्रिन सव्वीस.
पेन्सिल हलली.

आता सांगून टाकते.
तो बगळा शिवला तेव्हा आयली दहा वर्षांची होती.
तिच्याच अंगावर बेतला, तिच्याच अंगावर टाचला,
टाचणी टोचली म्हणून दोन दिवस रुसली होती माझ्यावर.
हल्ली ती टुसॉनला असते. वाळवंटात.
नाताळला फोन करते.
तिच्यानंतर या गावात सहा बगळे झाले,
सहाही दहा वर्षांच्या, सहाही सव्वीस इंच.
लोरेटाला वाटतं, ती निवडते.
झुकतं माप दर वेळी पैशाचंच असतं असं नाही.

रविवारी रात्री पोशाख मांडीवर घेतला.
काखेखालची शिवण ब्लेडने उसवली.
आत माया होती, दोन्ही अंगांना दीड-दीड इंच,
मीच ठेवलेली, पोर वाढेल म्हणून.
बाहेरचा निळा केव्हाच राखाडी झालाय.
आतला अजून निळा, उजेडच न लागलेला.
उलगडला तर बगळ्याच्या दोन्ही कुशींवर
दोन पट्टे दिसतील,
दुरून, शेवटच्या रांगेतूनसुद्धा.

यादी सकाळी सातला दारावर लागते.
लोरेटा दहाला झोपते. दहाला पाच कमी आहेत.
ब्रिनला काय सांगायचं, ठाऊक नाही.
फळ्यांचं काय करायचं, तेही नाही.
तिकडे फोन वाजतोय.
चौथी रिंग.
दोरा मात्र मी आधीच ओवून ठेवलाय.
निळा नाही मिळाला.
पांढरा आहे.