विरळणी

रात्री दोनला हात मला उठवतो.
दुखतो म्हणावं तर नुसता दुखत नाही,
मुंग्या म्हणाव्या तर एवढ्या कुठून आल्या?
अंगठ्यात, तर्जनीत, मधल्या बोटात वारूळ.
अनामिका अर्धी झोपलेली, अर्धी जागी.
करंगळीला मात्र काहीच नाही.
मी खाटेवरून हात खाली सोडते,
ओलं फडकं झटकावं तसा झटकते,
आणि शेडमधलं कुणीतरी झोपेतच म्हणतं,
मंजुळे, बास आता.

दिवसा हाच हात कात्री चालवतो.
दिंडोरीच्या बागेत, मान वर, तारेखाली,
एकेका घडातले निम्मे मणी काढायचे,
उरलेल्यांना फुगायला जागा करायची.
एका घडाला चाळीस-पन्नास कट,
झाडाला तीस घड.
एकराचा हिशोब मुकादम ठेवतो,
मनगटाचा कुणीच ठेवत नाही.

आधी चहाचा कप सुटला.
मग ब्लाउजचं हुक बोटांना सापडेना.
पेठला घरी गेले तर सासू म्हणाली,
वारं शिरलंय, निरगुडी बांध.
बांधली.
वास उशीला राहिला, मुंग्या हाताला.

सिव्हिलमध्ये निकुंभ डॉक्टरीण म्हणाली,
दोन्ही हात पाठीला पाठ लावून धर,
बोटं जमिनीकडे.
उलटा नमस्कार.
मिनिटभर धरायचा होता, मी विसाव्या आकड्याला सोडला.
मग तिनं मनगटावर टिचकी मारली
आणि मधल्या बोटाच्या टोकाला
मोटारीची उघडी वायर लागली.

तिनं माझ्याच तळहातावर पेनानं काढून दाखवलं:
ही हाडांची पन्हळ.
तिच्यावरून हा आडवा पट्टा, चिवट.
आतून नऊ दोऱ्या जातात, बोटं मिटायच्या,
आणि त्यांच्या दाटीत एक नस.
दोऱ्या सुजल्या की ती चेंगरते.
करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते.
मी म्हटलं, म्हणजे घडात मणी जास्त झालेत.
पेन तसंच थांबलं.
हो, म्हणाली, अगदी.

रक्त तपासलं. साखर नाही, थायरॉईड नाही.
रात्री बांधायला पट्टी, आत पत्र्याची चीप,
मनगट झोपेत वाकू नये म्हणून.
सहा आठवड्यांनी एक सुई.
दोन महिने मी झोपले, खरंच झोपले.
मग पुन्हा छाटणी, पुन्हा कात्री, पुन्हा दोनला जाग,
आणि अंगठ्याखालचा उंचवटा
वेलीवर राहिलेल्या मण्यासारखा सुकत चालला.
आता वाट नको बघू, ती म्हणाली.

तेवढा हातच बधिर केला. मी जागी.
हिरव्या कपड्यापलीकडे तो माझा नव्हता,
पण कात्री मिटल्याचा आवाज मी ओळखला.
बावीस हंगाम ऐकलाय.
फक्त आज घड मी होते.
वीस मिनिटं.
झाली जागा, ती मास्कमधून म्हणाली.

त्या रात्री टाके ठणकले. मुंग्या आल्या नाहीत.
ताकद मात्र चालत येते, बसनं नाही.
लोणच्याच्या बरणीचं झाकण अजून मुलगी उघडते.
कात्रीला धार ठेव, स्प्रिंगला तेल,
मनगट सरळ, तासाला थोडं थांब:
हे मी मुकादमाला सांगितलं.
तो म्हणाला, उक्तं काम आहे बाई,
थांबा की, तुमच्या पैशानं.

टोळीत विचारलं, रात्री बोटं कुणाची झोपतात?
अकरांतल्या सात जणींनी हात वर केले.
दोघींनी वर करता करता झटकले.
पुढच्या बुधवारी आम्ही तिघी सिव्हिलला जाणार आहोत.
बाकीच्या म्हणतात, हंगाम होऊ दे.

पेठ नाक्यावर कंडक्टरनं सुटे मागितले.
बसमधला दिवा गेलेला.
कमरेच्या पिशवीत मी न बघता चाचपलं:
हे एकाचं. हे दोनाचं.
हे जुनं, कड झिजलेलं.
आणि हे
गेल्या वर्षी हरवलेलं हुक.