फ्यूज काढलेली रात्र

तीन गॅरेजं फिरून मिस्किटांनी गाडी माझ्या दारात आणली,
तेव्हा ती पोटावर बसली होती,
डबक्यातल्या म्हशीसारखी.
दोन हजार चारची. बाटलीच्या काचेसारखी हिरवी.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि फाइलीत
दोन कॉम्प्रेसरची बिलं.

स्कॅनर लावला. म्हणाला, कॉम्प्रेसर.
आधीच्या तिघांनाही तेच म्हणाला होता.
स्कॅनर खोटं बोलत नाही,
पण दमलेल्याचं नाव सांगतो,
दमवणाऱ्याचं नाही.

सांताक्रूझवाला म्हणे, हवाबिवा काढून टाका,
साध्या स्प्रिंगा बसवा, कटकट मिटेल.
मिस्किटा म्हणाले, मग एल्फ्रिडाचं काय?
एल्फ्रिडा त्यांची थोरली बहीण, दोन्ही गुडघे बदललेली.
बटण दाबलं की गाडी बसते,
ती आत शिरते,
मग गाडी उठते.
स्प्रिंगला बस म्हटलेलं कळत नाही.

ह्या गाड्यांची एक खोड आहे.
इंजिन बंद, किल्ली खुंटीला, मालक घोरतोय,
तरी आतला कॉम्प्युटर मधूनच जागा होतो,
चारही कोपरे चाचपतो.
एखादा खचलेला सापडला
की बाकीच्या तिघांना त्याच्या बरोबरीला उतरवतो, गुपचूप.
सकाळी गाडी सपाट.
कुठं दुखतंय, पत्ता नाही.
(आमच्या घरात एक अख्खं वर्ष असं गेलं.
ते इथं नको.)

म्हणून रात्री फ्यूज काढला, खिशात टाकला.
चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप धरली,
खडूनं लादीवर लिहिलं:
सव्वाएकोणीस, सव्वाएकोणीस, सव्वाएकोणीस,
मागची उजवी दोन सूत कमी.
शटर ओढलं.

सकाळी जुबेर माझ्याआधी पोचलेला.
"उस्ताद, मागची उजवी."
साडेसोळा.
बाकीचे तिघे जागच्या जागी,
कुणी कुणाला सांभाळून घेत नव्हतं.

वाटीत भांड्याचा साबण, दाढीचा जुना ब्रश.
सांध्यावर काही नाही. नळीवर काही नाही.
रबराच्या पोटावरही काही नाही.
फ्यूज परत लावून गाडी सगळ्यात वर उचलली
तेव्हा एरवी मिटलेली घडी उलगडली,
आणि नखाच्या ओरखड्याएवढ्या चिरेतून
मोहरीएवढे बुडबुडे,
एकामागून एक, कसलीच घाई नसलेले.
जुबेर म्हणाला, एवढंसंच?
एवढंसंच.
ह्याच्यापायी दोन कॉम्प्रेसर धापा टाकून जळाले.

लोखंड मी सीएसटी रोडवरून जुनं आणतो. रबर नाही.
पार्सल यायला आठ दिवस लागले.
तोवर ड्रायर खोलला.
कोरडे पांढरे दाणे हवे होते,
निघाला ओला चुना.
विलायतेत बसून ज्यानं हे बनवलं
त्याच्या हिशेबात कलिना नव्हतं.
शेवटी गाडी उभी राहते ती इथलीच हवा ओढून:
मिठीचा वास, विमानांचं रॉकेल,
बेकरीतले पहाटेचे पाव,
कुणाच्या तव्यावरचे बोंबील,
आणि ह्या सगळ्यात मुरलेलं पाणी.

रविवारी मिस्सा आटोपून एल्फ्रिडाबाई आल्या.
बटण दाबलं. गाडीनं उसासा सोडला आणि खाली आली,
आधी मागून, मग पुढून.
बाईंनी आत काठी टाकली, मग पर्स,
मग स्वतःला.
"आता रात्रीची उठत नाही ना ही?"
उठते, म्हटलं. बघते. परत झोपते.
"हां," म्हणाल्या, "वय झालं की तसंच,"
आणि काच वर केली.

जुना फुगा जुबेरनं धुऊन घेतलाय.
त्यात तो वॉशर ठेवतो.
चीर कुठं आहे ते आता
मलाही पटकन दाखवता येत नाही.